अनोळख्याची शुश्रूषा : तंजावूरची छत्रे आणि त्यानंतर

तंजावूर म्हटले म्हणजे मराठी माणसाला प्रथम आठवतो तो बृहदीश्वराच्या प्राकारातील प्रदीर्घ मराठी शिलालेख. मागोमाग सरस्वती महालातील पोथ्या आठवतात, आणि व्यंकोजीराजांच्या वंशाने सुमारे १८० वर्षे त्या दूरदेशी चालविलेले राज्य आठवते. या राज्याने रणांगणावर फारसे मिळविले नाही. १७९९च्या तहाने तर कारभारही इंग्रज कंपनीच्या हाती गेला आणि शरफोजीराजांकडे किल्ला, त्याच्या आसपासचा थोडा प्रदेश आणि ठरावीक उत्पन्न एवढेच उरले. परंतु राज्य हातचे गेल्यावरही एक गोष्ट आपल्याकडे राहावी यासाठी या राजाने मोठ्या कळकळीने लेखणी चालविली. ती गोष्ट म्हणजे छत्रे.

छत्र म्हणजे नुसते अन्नछत्र अशी आपली समजूत असते. तंजावूरची छत्रे त्याहून बरेच अधिक होती. उत्तरेकडून रामेश्वरास जाणारे यात्रेकरू कावेरीचा मुलूख ओलांडून समुद्रकाठाने सेतूकडे जात. वाट लांबची, ऊन कडक, नद्यांना पूर आणि साथीच्या रोगांचे भय. प्रतापसिंहराजांच्या कारकिर्दीपासून, म्हणजे अठराव्या शतकाच्या मध्यापासून, या वाटेवर भोसले घराण्याने छत्रे बांधली आणि त्यांना जमिनी लावून दिल्या. त्यांपैकी बरीच राजघराण्यातील स्त्रियांच्या नावांनी ओळखली जातात. नीडामंगलमचे यमुनांबाळ छत्र हे त्यांतलेच एक. सर्वांत मोठे छत्र मात्र ओरत्तनाडचे. तंजावूरहून पट्टुकोट्टईकडे जाणाऱ्या रस्त्यावर १८०२च्या सुमारास ते उभे राहिले आणि त्याला नाव मिळाले मुक्तांबाळ छत्र.

ही मुक्तांबा शरफोजीराजांची विवाहित राणी नव्हती. ती त्यांची प्रिय संगिनी होती आणि अकाली मृत्यू पावली. आपल्या नावाने एक छत्र चालावे अशी तिने अंतकाळी इच्छा व्यक्त केली, असे त्या भागातील लोक सांगतात. आख्यायिकेचा शब्दन् शब्द खरा मानण्याचे कारण नाही. पण ज्या स्त्रीला राजवाड्यात पत्नीचे स्थान नव्हते, वंशावळीत जागा नव्हती, तिचे नाव राज्यातील सर्वांत मोठ्या आश्रयस्थानाला मिळाले, ही वस्तुस्थिती आहे. दगडात कोरलेले हत्तीघोडे आणि लांबलचक ओसऱ्या असलेली ती वास्तू पुढे पडझडीला आली, तरी नाव टिकले.

या छत्रांत काय चालत असे याची माहिती शरफोजीराजांनीच १८०१ साली तंजावूरचा रेसिडेंट बेंजामिन टॉरिन याला लिहिलेल्या पत्रात मिळते. पत्राचे प्रयोजन स्पष्ट होते. कंपनीने मुलूख घेतला, आता त्या मुलखातली छत्रेही ती घेईल की काय ही धास्ती. म्हणून राजाने एकेक गोष्ट सांगितली आहे. ब्राह्मणापासून परैयापर्यंत जो कोणी वाटसरू येईल त्याला अन्न मिळे. जोगी, जंगम, अतीत, बैरागी यांनाही मिळे. ज्याला शिजलेले अन्न चालत नसे त्याला शिधा मिळे. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चाले. मध्यरात्री घंटा वाजवीत आणि कोणी उपाशी राहिला असेल तर त्याने यावे अशी पुकार करीत.

जेवणाची गोष्ट येथे संपते आणि शुश्रूषेची सुरू होते. प्रत्येक छत्रात वैद्य असत. रोग, सूज, सर्पविष यांवर उपचार करणारे वैद्य निराळे नेमलेले होते. वाटेत किंवा छत्रात आजारी पडलेल्याला औषध आणि पथ्याचे अन्न देऊन तो बरा होईपर्यंत आदराने व ममतेने ठेवून घेत. आदर हा शब्द राजाने मुद्दाम घातलेला आहे. गर्भवती स्त्री आली तर तिचे बाळंतपण छत्रात होई. तिला औषधे मिळत आणि तीन महिने तेथे राहण्याची मुभा असे. तान्ह्या मुलांना दूध मिळे. परक्या माणसांची पोरकी मुले छत्रातील पंतोजींच्या हवाली केली जात. त्यांना तीन वेळा जेवण, चार दिवसांनी एकदा अभ्यंग, अंगावर कपडे आणि ज्या विद्येची आवड असेल तिचे शिक्षण मिळे. मुले शिकून तयार झाली म्हणजे त्यांच्या लग्नाचा खर्चही छत्रच करी. आणि कोणी तेथेच मरण पावला, तर त्याच्या जातीच्या रीतीप्रमाणे त्याचे अंत्यसंस्कार होत.

हे सर्व वाचताना एक सावधगिरी बाळगावयास हवी. ही एका अर्जदाराची कैफियत आहे. मागणी मान्य व्हावी म्हणून लिहिलेल्या कागदात चांगली बाजूच पुढे येते, हे सरकारी दप्तर हाताळणाऱ्या कोणालाही ठाऊक असते. शिजलेले आणि न शिजलेले अन्न, जातीजातींचे निरनिराळे अंत्यसंस्कार, वेदांचे अध्यापक या तपशिलांतून त्या काळची समाजरचनाही छत्राच्या आत शिरलेली दिसते. ती तेथे मोडली गेली नव्हती. तरीही त्या पत्रातून एक गोष्ट निर्विवाद हाती लागते. राजाला ज्या गोष्टीचा अभिमान वाटत होता आणि जिच्यामुळे आपल्या राज्याला धर्मराज्य म्हणतात असे तो सांगत होता, ती गोष्ट होती अनोळख्याची शुश्रूषा. छत्राच्या दाराशी येणारा माणूस परगावचा असे. त्याच्या कुळाची हमी देणारे तेथे कोणी नसे, त्याच्या वर्तनाची चौकशी करण्याची सोय नसे, आणि तो आजारी असे. एवढे त्याला आत घ्यावयास पुरेसे होते.

शरफोजीराजांची वैद्यकाची आवड सर्वश्रुत आहे. श्वार्ट्झ या जर्मन मिशनऱ्याच्या देखरेखीखाली वाढलेल्या या राजाने राजवाड्याच्या आश्रयाने धन्वंतरी महाल ही संस्था चालविली. तेथे आयुर्वेद, सिद्ध, युनानी आणि युरोपीय अशा चारही पद्धतींचे जाणकार एकत्र काम करीत. पारखून घेतलेले औषधयोग तमिळ पद्यात गुंफून ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने त्यांचे खंड तयार झाले आणि विसाव्या शतकात सरस्वती महालाने ते छापले. नेत्ररुग्णांच्या टिपणांचा एक संग्रहही मागे राहिला असून त्यात रोगी डोळ्यांची रंगीत चित्रे आहेत. या टिपणांवर आधुनिक नेत्रवैद्यांनी अभ्यास केला आहे. रोग्याची हकीकत लिहून ठेवावी ती त्याचा इलाज नीट व्हावा म्हणून, ही दृष्टी त्यांत आहे. हे सांगण्याचे कारण असे की, त्याच सुमारास त्याच मद्रास इलाख्यात रोग्याची नोंद ठेवण्याची एक अगदी निराळी रीत सुरू झाली होती.

ती रीत म्हणजे लॉक हॉस्पिटल. गोऱ्या शिपायांत गुप्तरोग फैलावू लागले, तेव्हा १८०५च्या सुमारास इलाख्यातील लष्करी छावण्यांत ही रुग्णालये निघाली. नाव रुग्णालयाचे असले तरी रचना कोंडवाड्याची होती. छावणीच्या आसपास राहणाऱ्या ज्या स्त्रिया रोगी असल्याचा संशय येई, त्यांना पकडून आणीत, तपाशीत, आणि बऱ्या झाल्याचा दाखला मिळेपर्यंत आत ठेवीत. रोग ज्या शिपायाकडून आला किंवा ज्याच्याकडे गेला त्याला मात्र कोणी कोंडीत नसे. मध्यंतरी ही रुग्णालये बंद पडली. पुढे १८६८च्या सांसर्गिक रोगांच्या कायद्याने त्यांना पुन्हा बळ आले, आणि इंग्लंडात व येथे बराच गदारोळ झाल्यावर १८८८ साली तो कायदा रद्द झाला. या पद्धतीने रोग आटोक्यात आला असे तिच्या कैवाऱ्यांनाही छातीठोकपणे सांगता आले नाही. कारण उघड होते. नोंद झाली की कोंडले जाणार, हे कळल्यावर आजारी स्त्री रुग्णालयाच्या दिशेने पाऊल टाकीलच कशाला?

मुक्तांबाळ छत्र आणि लॉक हॉस्पिटल यांच्यात वर्षांचे अंतर जेमतेम ३-४ आणि मैलांचेही फार नाही. एकाच्या दारावर घंटा होती, दुसऱ्याच्या दाराला कुलूप होते. पुढच्या दोनशे वर्षांत हे दोन्ही दरवाजे पुन्हापुन्हा समोर आले.

छत्रांची स्थिती पुढे काही एकसारखी राहिली नाही. १८५५ साली दुसरे शिवाजीराजे पुत्राविना वारले आणि तंजावूरचे राज्य संपले. छत्रांच्या जमिनी सरकारी देखरेखीखाली गेल्या, नंतर जिल्हा बोर्डाकडे आल्या. आगगाडी आल्यावर पायी जाणारा यात्रेकरू कमी झाला. तेव्हा छत्रांचे उत्पन्न शाळा, वसतिगृहे आणि तिरुवैयारूचे संस्कृत विद्यालय यांच्याकडे वळले. विद्येसाठी पैसा गेला याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नव्हते. तक्रार निराळी होती. ज्या छत्रात ब्राह्मणापासून परैयापर्यंत सर्वांना अन्न मिळते असे राजा अभिमानाने लिहीत होता, त्याच छत्रांच्या पैशावर चालणाऱ्या वसतिगृहांतून आता केवळ ब्राह्मण विद्यार्थ्यांना प्रवेश मिळत होता. दरवाजा कोणी जाहीरपणे बंद केला नव्हता; तो हळूहळू अरुंद होत गेला होता. तो पुन्हा रुंद केला तो जस्टिस पक्षाचे ए. टी. पन्नीरसेल्वम यांनी. १९२०नंतरच्या दशकात ते तंजावूर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष होते. ओरत्तनाड आणि राजामडम येथील वसतिगृहे त्यांनी ब्राह्मणेतर विद्यार्थ्यांना खुली केली, आणि तिरुवैयारूच्या विद्यालयात संस्कृताबरोबर तमिळचे अध्यापन सुरू झाले. एका मराठा राजाच्या दानाचा मूळ अर्थ एका तमिळ ख्रिस्ती पुढाऱ्याने पुनःस्थापित केला, हे येथे नमूद करावयास हवे.

आता एड्सच्या काळाकडे वळू.

१९८६ साली मद्रास मेडिकल कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्राध्यापिका डॉ. सुनीती सॉलोमन यांनी डॉ. सेल्लप्पन निर्मला या आपल्या विद्यार्थिनीला एक विषय सुचविला. एड्स नावाचा नवा रोग अमेरिकेत धुमाकूळ घालीत होता. तो भारतात आला आहे काय, हे पाहावयाचे होते. हा रोग पाश्चात्त्यांच्या स्वैराचाराचा आहे, आपल्याकडे तो कोठून येणार, अशी तेव्हा सार्वत्रिक समजूत होती. निर्मला यांनी मद्रासमधील सुधारगृहात ठेवलेल्या वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताचे नमुने गोळा केले. वेल्लूरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात तपासणी झाली आणि ६ नमुन्यांत विषाणूचा पुरावा सापडला. या शोधाने देशाला वेळेवर जाग आली, रक्तपेढ्यांची तपासणी सुरू झाली आणि असंख्य लोकांचे प्राण वाचले. या कामाचे मोल कमी लेखता येणार नाही. परंतु आपले रक्त नेमके कशासाठी घेतले जात आहे हे त्या स्त्रियांना सांगितलेले नव्हते. त्या काळी ते कोणाला वावगे वाटले नाही, हाच त्यातील विचार करण्यासारखा भाग आहे.

पुढे जे घडले ते लॉक हॉस्पिटलाच्या इतिहासाशी तंतोतंत जुळते. ज्या स्त्रियांच्या रक्तात विषाणू आढळला त्यांना शिक्षेची मुदत संपल्यावरही सुधारगृहातून सोडले जाईना. गुन्ह्याची सजा भोगून झाली होती. आता रोगाची सजा सुरू झाली. श्यामला नटराज या पत्रकार स्त्रीने हे प्रकरण मद्रास उच्च न्यायालयापुढे नेले, आणि १९९० साली त्या स्त्रियांची सुटका झाली. त्याच्या एक वर्ष आधी गोव्यात डॉमिनिक डिसूझा या तरुणाला विषाणू आढळला एवढ्याच कारणावरून पोलिसांकरवी नेऊन ६४ दिवस एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात एकटे कोंडून ठेवण्यात आले होते. त्याने रक्तदान केले होते. तोच त्याचा अपराध ठरला. त्याच्या सुटकेसाठी त्याचे शेजारी आणि मित्र रस्त्यावर उतरले. सुटका झाल्यावर त्याने रोग्यांच्या हक्कांसाठी काम केले आणि १९९२ साली तो वारला.

कुलुपाची रीत न्यायालयात हरली, तरी रुग्णालयांतून ती संपली असे नव्हे. विषाणू असल्याचे कळताच शस्त्रक्रिया नाकारणे, बाळंतिणीला दुसरीकडे धाडणे, खाटेवर मोठ्या अक्षरांत रोगाची पाटी लावणे हे प्रकार अनेक वर्षे सर्रास चालले. सुनीती सॉलोमन यांनी ते जवळून पाहिले. त्यांचे माहेरचे आडनाव गायतोंडे. मद्रासमध्ये चामड्याच्या व्यापारात असलेल्या एका महाराष्ट्रीय कुटुंबात त्या वाढल्या. १९९३ साली त्यांनी आपल्या वडिलांच्या नावाने मद्रासमध्ये एक केंद्र उघडले. तेथे कोणीही यावे, चाचणी करून घ्यावी, सल्ला घ्यावा आणि उपचारही घ्यावेत, अशी योजना होती. वेश्याव्यवसायातील स्त्रिया, समलिंगी पुरुष, नशेची सुई टोचून घेणारे तरुण आणि नवऱ्याकडून विषाणू आलेल्या गृहिणी एकाच बाकावर बसू लागल्या. पुढे त्या केंद्राने आणखी एक काम अंगावर घेतले. विषाणूची लागण झालेल्यांनाही संसार हवा असतो; तेव्हा अशा वधूवरांची गाठ घालून देण्याचे कामही सुनीतीबाई करू लागल्या. पोरक्यांच्या लग्नाचा खर्च करणाऱ्या छत्राची येथे सहजच आठवण होते. २०१५ साली त्या वारल्या आणि २०१७ साली त्यांना मरणोत्तर पद्मश्री मिळाली.

सरकारही गप्प बसले नव्हते. राज्य पातळीवर एड्स नियंत्रणासाठी स्वतंत्र नोंदणीकृत संस्था स्थापणारे तमिळनाडू हे देशातील पहिले राज्य. ते वर्ष १९९४. १९९८ साली पी. कौसल्या आणि त्यांच्या काही सोबतिणींनी विषाणूबाधित स्त्रियांची संघटना मद्रासमध्ये उभी केली. लग्न झाल्यावर नवऱ्याकडून लागण झालेली, पुढे विधवा होऊन सासरच्या घरातून बाहेर पडलेली स्त्री आपले नाव आणि चेहरा लपविल्यावाचून बोलू लागली, हीच त्या काळात मोठी घटना होती. तोवर या रोगाविषयी बोलणारे सर्व जण डॉक्टर, अधिकारी किंवा उपदेशक होते.

औषधांची गोष्ट थोडक्यात सांगता येते. १९९६च्या सुमारास तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत निघाली आणि मृत्यूचा रोग हा आयुष्यभर सांभाळण्याचा रोग बनला. १ एप्रिल २००४ पासून भारत सरकारने ही औषधे निवडक सरकारी रुग्णालयांत मोफत देण्यास आरंभ केला. मद्रासजवळचे तांबरमचे छातीच्या रोगांचे रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक. तंजावूरचे उपचार केंद्र तेथील मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात आहे. ते कॉलेज १९५९ सालचे. त्या शहरातील त्याआधीचे मोठे रुग्णालय एकोणिसाव्या शतकातले, आणि संस्थानिक व मिरासदारांच्या देणग्यांवर उभे राहिले म्हणून आजही राजा मिरासदार या नावाने ओळखले जाणारे. औषध नियमित घेतले आणि रक्तातील विषाणू मोजणीत सापडेनासा झाला, तर शरीरसंबंधातूनही तो दुसऱ्याकडे जात नाही, हे आता शास्त्राने सिद्ध केले आहे. म्हणजे या रोगात रोग्याची शुश्रूषा आणि समाजाचा बचाव या दोन गोष्टी वेगळ्या राहिलेल्याच नाहीत. लॉक हॉस्पिटलाच्या कल्पनेचा पायाच त्यामुळे उखडला जातो.

तरीही औषध मोफत आहे म्हणून रोगी येतोच असे नाही. रांगेत उभे असताना गावचा माणूस पाहील, नोंदवहीतले नाव फुटेल, औषधाच्या डबीवरून शेजारीण ओळखील, ही भीती मोठी असते. पुष्कळ रोगी आपल्या तालुक्याजवळचे केंद्र टाळून दूरच्या जिल्ह्यात जातात आणि जाण्यायेण्यात दिवसाची मजुरी घालवितात. छत्रातला यात्रेकरू परका होता, म्हणून त्याला शुश्रूषा मिळाली. हा रोगी शुश्रूषा मिळावी म्हणून आपण होऊन परका होतो.

ही भीती सर्वांना सारखी नसते. ज्यांना समाजाने आधीच दारापासून दूर ठेवले आहे, त्यांच्या वाट्याला ती दुपटीने येते. तमिळनाडूतील तृतीयपंथी समाज त्यांतला एक. पूर्वी त्यांच्यासाठी प्रचारात असलेले शब्द शिवीसारखे वापरले जात. जुन्या तंजावूर जिल्ह्यातील तिरुक्कुवळै येथे जन्मलेले करुणानिधी मुख्यमंत्री असताना त्यांच्या सरकारने ‘तिरुनंगै’ हा आदरवाचक शब्द रूढ केला, आणि २००८ साली या समाजासाठी कल्याण मंडळ स्थापन झाले. शब्द बदलला म्हणजे मन बदलते असे नाही. तथापि रुग्णालयाच्या खिडकीवर नाव पुकारताना कोणता शब्द उच्चारला जातो, याचा रोगी पुन्हा येण्याशी संबंध असतो, हे नाकारता येणार नाही. येथे तंजावूरची एक हकीकत सांगण्यासारखी आहे. मदुरेच्या नर्तकी नटराज यांना लहानपणीच घर सोडावे लागले. नृत्याच्या ओढीने त्या तंजावूरला आल्या आणि किट्टप्पा पिळ्ळै यांच्याकडे अनेक वर्षे राहून शिकल्या. हे किट्टप्पा म्हणजे शरफोजीराजांच्या दरबारी भरतनाट्यमला आजचे रूप देणाऱ्या चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार बंधूंच्या घराण्यातले. २०१९ साली नर्तकी नटराज यांना पद्मश्री मिळाली. राजाश्रयातून निघालेली विद्या दोन शतकांनी अशा शिष्येकडे पोचली.

२०१७ साली संसदेने एचआयव्ही व एड्ससंबंधी कायदा केला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून तो अमलात आला. चाचणीपूर्वी माणसाला समजावून सांगून त्याची संमती घेतली पाहिजे. त्याची माहिती त्याच्या परवानगीवाचून कोणाला देता कामा नये. नोकरी, शाळा, भाड्याचे घर, रुग्णालय यांपैकी काहीही त्याला या कारणावरून नाकारता येणार नाही, असे हा कायदा सांगतो. १९८६च्या सुधारगृहात ज्या गोष्टीची कोणाला आठवण झाली नाही, ती ३१ वर्षांनी कायद्याचे कलम झाली. मुलांच्या बाबतीत तमिळनाडूने त्याआधीच पाऊल उचलले होते. एड्सबाधित मुलांच्या शिक्षणासाठी आणि पोषणासाठी राज्याने २००९ साली एक न्यास स्थापन केला.

छत्रात देणारा राजा होता आणि घेणारा वाटसरू. दानाचे पुण्य एका बाजूला आणि कृतज्ञता दुसऱ्या बाजूला, अशी ती व्यवस्था होती. दाता गेला किंवा त्याच्या दानाचे विश्वस्त कोत्या मनाचे निघाले की दार अरुंद होई. वसतिगृहांच्या बाबतीत तेच घडले. आजच्या व्यवस्थेत या जागी एक नवी गोष्ट आली आहे. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाने उपचार केंद्रांत एक जागा अशी ठरविली आहे की, तिच्यावर विषाणूसह जगणारी व्यक्तीच नेमावयाची. केंद्रात पहिल्यांदा आलेल्या रोग्याशी बोलणे, कोणत्या खोलीत जावयाचे ते दाखविणे, औषध केव्हा आणि कसे घ्यावयाचे हे स्वतःच्या अनुभवावरून सांगणे, आणि महिन्याच्या तारखेला जो आला नाही त्याची गाजावाजा न करता चौकशी करणे, ही तिची कामे आहेत.